काटापट्टी

मे महिन्यात जिनिंगचा काटा रिकामा असतो.
सरकी गेली, गठाणी गेल्या,
पत्रा तापून तडतडतो तेवढाच आवाज.
उकंडकाका स्टुलावर पाय वर घेऊन बसलेले,
कोपऱ्यात तिवईवर माठ,
पोटाखाली ओला,
जणू आत्ताच वेणेतून वर आला.

मी विचारलं, हा घामेजते कायले?
आई म्हणाली होती, थंड असते म्हणून.
मास्तर म्हणाले होते, पुढच्या वर्गात येईल.
काका म्हणाले, "मले नाही माहीत.
पण काटा हाये आपल्याजवळ."

बावीस वर्षं ते कापसातलं पाणी ओळखत आलेले.
मूठभर दाबायचा, गालाला लावायचा,
क्विंटलमागे ओलाव्याचे कापायचे.
पाण्याला वजन असतं
हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

सकाळी सात : चौदा किलो तीनशे.
तोंडाला फडकं, फडक्याला सुतळी, सुतळीला गाठ.
"आज यातलं कोणी पेनार नाही."
संध्याकाळी सात : तेरा किलो शंभर.
गाठ तशीच. खालची फरशी कोरडी.
एक किलो दोनशे पाणी
आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत चालत गेलं
आणि आम्ही कोणाला जाताना पाहिलं नाही.

मग स्टीलची कळशी टांगली.
तिचं एक थेंब कमी नाही,
पाणी मात्र असं की त्यात तूर शिजावी.
मग एका माठाला बाहेरून जवसाचं तेल चोळलं.
तो घामेजलाच नाही, गारही झाला नाही.
आई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही.

गरम वारा सुटला त्या दिवशी दीड किलो गेलं,
उरलेलं दातांना लागलं.
आभाळ दाटून पान हलेना तेव्हा
जेमतेम अर्धा किलो, आणि चव कोमट.
मी म्हणाले, जास्त जाते तवा राहाते ते गार होते.
काका म्हणाले, "लिही.
पन शाईनं नको. पेन्सिलनं."

गार म्हणजे किती, हे मात्र मोजता येईना.
आशाताईंचं ताप पाहायचं यंत्र आणलं,
त्याची रेघ पस्तिसाच्या खाली उतरतच नाही.
ताई म्हणाल्या, "पान्याले ताप नाही, जा घरी."
तेव्हापासून वहीत मनगट हेच माप :
'मनगटाला बरं.' 'मनगटाला झोंबलं.'

एकदा रिकामा माठ पन्नास ग्रॅमनं भरला.
रात्रभर काका त्या पन्नास ग्रॅमनं छळले गेले.
सकाळी दिसलं, बुडाशी कुंभारमाशीनं
चिखलाचं घर बांधलेलं.
मडक्यावर मडकं.
घर पाडलं नाही. त्याचं वजन वजा धरलं.

डोमाजी हमाल हे सगळं पाहून हसायचा.
एका दुपारी स्वतःच काट्याला लोंबकळला,
ट्रक खाली करून आल्यावर पुन्हा लोंबकळला.
किलोभर कमी.
"ओलाव्याचे कापले का मालकानं?" म्हणाला,
आणि अर्धा माठ एका दमात संपवला.
त्या दिवसाचा आकडा वाया गेला.
काकांनी तोही लिहिला, समोर लिहिलं : डोमा.

पुढच्या वर्षी धडा आला. बाष्पीभवन.
दोन गुणांची व्याख्या, रेघ मारून.
मी धावत जाऊन काकांना वाचून दाखवली.
त्यांनी दोनदा वाचायला लावली.
"उनानं पान्याची वाफ होते म्हनते?"
हो.
"मंग राती कोन नेते?"

पुस्तकात रात्र नव्हती.

माठ टांगला. नऊ वाजता तेरा किलो आठशे.
शेडबाहेर खाट टाकून आम्ही पडलो,
काकांच्या हातात बॅटरी, माझ्या हातात पेन्सिल,
टोक बोथट झालेली.
"झोपू नोको," ते म्हणाले,
आणि पहिल्यांदा तेच घोरायला लागले.